काकतालीय दुरुस्ती

बिघाड सततचा असेल तर तो शोधणे हे हाताच्या कौशल्याचे काम असते. तोच बिघाड अधूनमधून होऊ लागला की ते अनुमानाचे काम होऊन बसते. हा फरक गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. रससूत्राच्या निमित्ताने दरवर्षी शंकुकाचा अनुमितिवाद शिकवणाऱ्या आम्हां अध्यापकांना मात्र तो सांगावा लागतो, असा आमचा अनुभव आहे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात मधूनच होणारी ‘मिसिंग’ हा या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचा अगदी नमुनेदार मासला. तिच्याविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. मोटारींचा षौक हे त्यामागचे कारण नव्हे. (आमच्यापैकी एकाला तो आहे, दुसऱ्याला सायकलचे पंक्चरही काढता येत नाही.) या मिसिंगवर सर्वत्र जे इलाज केले जातात त्यांत विचाराचा एक दोष पुन्हा पुन्हा आढळतो, आणि तो केवळ गॅरेजपुरता नाही, म्हणून हा प्रपंच.

चर्चा हवेत राहू नये यासाठी एक गाडी समोर ठेवू. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी. चार सिलिंडर, १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन, दीर्घकाळ त्यावर दोन एसयू कार्बोरेटर, आणि बहुतेक सारी विजेची सामग्री बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे तिच्या दुखण्यांविषयी जेवढे लिहिले-बोलले गेले तेवढे तिच्या बरोबरीच्या क्वचितच दुसऱ्या गाडीविषयी असेल. मराठी वाचकाला ही गाडी परकी वाटेल, पण तिचे इंजिन तसे परके नाही. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, आणि आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये पुढे अनेक वर्षे असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन त्याच मालिकेतले होते. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या बॉनेटखाली वाकून ज्या मिस्त्रींचे केस पिकले, त्यांना एमजीबीच्या इंजिनाचा आवाज ऐकवला तर ते नाते ओळखतील.

मिसिंग म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात २५. प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्यूटरमधले ‘पॉइंट’ एकदा मिटतात आणि एकदा उघडतात. मिटले की बॅटरीचा प्रवाह क्वाइलमधून वाहतो. उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातूनच क्वाइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. पॉइंटांच्या तोंडाशी ठिणगी वाया जाऊ नये म्हणून शेजारी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. मग तो दाब फिरत्या रोटरवरून पाळीपाळीने चार तारांत आणि चार प्लगांत पोचतो. या साखळीत कोठेही क्षणभर खंड पडला, किंवा ठिणगी वेळेवर पडूनही सिलिंडरात योग्य मिश्रण नसले, तर तो स्फोट हुकतो. गाडी दचकते. लगेच पुन्हा नीट चालू लागते, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती ठणठणीत झालेली असते.

तेव्हा मेकॅनिकच्या हाती प्रथम येते ती गाडी नव्हे, गाडीविषयीची कथा. मालक सांगतो, ‘कधी कधी झटके देते.’ ‘कधी कधी’ हे शब्द निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत, आणि तरी प्रत्येक तक्रारीची सुरुवात त्यांनीच होते. चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी हे ‘कधी कधी’ फोडतो. इंजिन थंड असताना की वीसेक मिनिटे चालल्यावर? चढावर, की सपाट रस्त्यावर सावकाश जाताना? पाऊस होता का? टाकी भरलेली होती की अर्धी? झटका एकाच लयीत येतो की वाटेल तेव्हा? कथनशास्त्र शिकवताना आम्ही अविश्वसनीय निवेदकाची उदाहरणे कादंबऱ्यांतून शोधत बसतो. गाडीचा मालक हा तसा निवेदक असतो. तो खोटे बोलत नाही. पण त्याने स्वतःशी आधीच एक निदान ठरवलेले असते, आणि त्याला जुळतील तेवढ्याच खुणा त्याला आठवतात. ‘पेट्रोलमध्ये कचरा आला असावा’ असे वाटणारा माणूस झटका चढावर येतो हे सांगेल, पण त्या वेळी रेडिओही क्षणभर बंद पडला होता हे सांगणार नाही.

कथा नीट मिळाली तर अर्धा रस्ता संपतो. झटका एकाच लयीत, ठरावीक अंतराने येत असेल, तर एकच सिलिंडर दगा देत आहे, आणि दोष रोटरच्या पुढे शोधावा: डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतील त्या सिलिंडरचे टोक, त्याची तार, त्याचा प्लग, किंवा व्हॉल्व्ह. झटका बेताल असेल, आज या तर उद्या त्या सिलिंडरला, तर जे सर्वांना समाईक आहे तेथे दोष आहे. पहिले आणि दुसरे सिलिंडर एकत्रच ढिले पडत असतील तर पुढचा कार्बोरेटर संशयित ठरतो, कारण या इंजिनात त्या दोघांना हवा-पेट्रोल एकाच वाटेने मिळते. तिसऱ्या-चौथ्याचे तसेच मागच्यावर अवलंबून. पेट्रोल कमी पडले तर ताकद हळूहळू ओसरते आणि कार्बोरेटरातून इंजिन शिंकल्यासारखे करते. ठिणगी तुटली तर मात्र दिव्याचे बटण बंद केल्यासारखे होते, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये फटाका फोडते. १९६४ नंतरच्या एमजीबीत इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी विजेवर चालते, आणि तिला खबर मिळते ती क्वाइलच्या प्रवाहावरून. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन फिरतेच आहे, तरी काटा एकदम शून्याकडे कोसळला, तर बॅटरीपासून पॉइंटांपर्यंतच्या कमी दाबाच्या वाटेत कोठेतरी खंड पडला आहे असे समजावे. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला तर ती वाट निर्दोष असण्याचा संभव बराच. डॅशबोर्डवर हा साक्षीदार सतत बसलेला असतो, पण झटका आला की चालकाचे लक्ष रस्त्याकडे किंवा देवाकडे जाते, काट्याकडे जात नाही.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण एका तारेचे आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात, बाहेरच्या जोडापासून पॉइंटांपर्यंत जाणारी बोटभर लांबीची एक लवचीक तार असते. ती लवचीक असते याचे कारण ज्या तबकडीवर पॉइंट बसवलेले असतात ती स्थिर नाही. कार्बोरेटरकडून येणाऱ्या एका बारीक नळीतल्या ओढीने ती थोडी फिरते आणि ठिणगी थोडी आधी पडते. ही ओढ इंजिन मंद चालू असताना जवळजवळ नसते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती नाहीशी होते. ती सर्वांत जास्त असते ती ताशी ५० मैलांच्या आसपास, हलक्या पायाने, निवांत चाललेले असताना. आता अशी कल्पना करा की वर्षानुवर्षे वाकून वाकून त्या तारेतले तांब्याचे धागे आवरणाच्या आत तुटले आहेत. बाहेरचे आवरण शाबूत. टोके एकमेकांना टेकलेली असतात तोवर प्रवाह वाहतो. तबकडी फिरली की टोके सुटतात.

मालकाच्या दृष्टीने काय घडते? गाडी उभी असताना उत्तम. जोरात पळवली तरी उत्तम. निवांत चाललेली असतानाच झटके, आणि पाय जोरात दाबला की झटके गेले. याचा अर्थ कोणीही सरळ असाच लावील की हलक्या पायाला पेट्रोल कमी पडते आहे. मग कार्बोरेटर उघडले जातात, सुया बदलल्या जातात, पंप बदलला जातो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीची तपासणी केली तर ती निर्दोषच निघणार, कारण उभ्या गाडीत ती तबकडी हलतच नाही. आणि शोध किती सोपा आहे पाहा. इंजिन मंद चालू ठेवून ती बारीक नळी कार्बोरेटरकडून काढायची आणि तोंडाने किंवा हातपंपाने ओढायची. तबकडी फिरते आणि उभ्या जागी इंजिन अडखळते. नंतर तीच नळी काढून, कार्बोरेटरकडचे तोंड बंद करून गाडी रस्त्यावर न्यायची: ताशी ५० मैलांना झटके नाहीत. इंजिन बंद करून ती तार चिमटीत धरून हलकेच ओढली तर आतून तुटलेली तार रबरासारखी ताणली जाते.

वरच्या दोन कसोट्यांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. पहिलीत कारण आणले आणि कार्य आले. दुसरीत कारण काढले आणि कार्य गेले. आपल्याकडे यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र दिसतात, जलाशयावर दोन्ही नसतात, आणि या दोहोंच्या मिळून आधारावर व्याप्ती ठरते. नैयायिकांनी याहून सूक्ष्म असा एक विचार केला होता, तो ‘उपाधी’चा. जेथे अग्नी तेथे धूर, असे उलट म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर निघायला इंधन ओले असावे लागते. ओल्या इंधनाचा संयोग ही तेथे उपाधी. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचलेल्यांना हे उदाहरण आठवेल. आमचे म्हणणे असे की अधूनमधून होणारा बिघाड म्हणजे जिची उपाधी अजून सापडलेली नाही अशी व्याप्ती. तार तुटलेली आहे ती सोमवारीही आणि मंगळवारीही. झटका मात्र तबकडी फिरली तरच. म्हणून शोधायची असते ती उपाधी: उष्णता, ओल, हादरा, ओढ. ती सापडली की ‘कधी कधी’ संपते आणि ‘अमुक असताना नेहमी’ सुरू होते.

प्रत्यक्षात काय होते? सुटे भाग बदलले जातात. प्लग बदलले, फरक नाही. तारा बदलल्या, फरक नाही. क्वाइल बदलली, दोन दिवस बरे वाटले. शेवटी पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, आणि झटके गेले. मालक सर्वांना सांगत सुटतो की पॉइंट हेच सर्व दुःखाचे मूळ. वस्तुतः त्या एका बदलात चार गोष्टी घडल्या: पॉइंट गेले, कंडेन्सर गेला, ती बोटभर तार गेली, आणि बसवताना हात लागून एखादा सैल जोड घट्ट झाला असण्याचीही शक्यता आहे. यांपैकी कशाने गाडी सुधारली हे आता कोणालाच, कधीच कळणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. संस्कृतात ज्याला काकतालीय न्याय म्हणतात तो हा. आम्ही अशा दुरुस्तीला काकतालीय दुरुस्ती म्हणतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर आमचा राग नाही. ज्याला ते हवे त्याने नीट चालणाऱ्या गाडीला ते खुशाल बसवावे. पण निदान न झालेल्या बिघाडावर ते बसवणे म्हणजे भिंतीत ओल कोठून येते ते न पाहता वर रंग देणे होय.

शिवाय नवा भाग जुन्यापेक्षा चांगला असतो, हे गृहीतकही या क्षेत्रात टिकत नाही. या गाड्यांसाठी हल्ली नव्याने बनवले जाणारे कंडेन्सर आणि रोटर यांच्या दर्जाविषयी जाणकारांत दीर्घकाळ असमाधान आहे. काही रोटरांत पितळी पट्टी एका रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेटच्या खाली प्लास्टिक पातळ राहिले तर हजारो व्होल्टचा दाब त्यातून वाट काढून सरळ खालच्या दांड्यात उतरतो आणि प्लगांपर्यंत पोचतच नाही. तेही सदा नव्हे, मधूनच. म्हणजे चाळीस वर्षे निमूटपणे काम केलेला रोटर केवळ जुना म्हणून फेकला आणि त्या जागी नवा बिघाड विकत आणला. आता गाडीत दोन दोष आहेत, दोघांची लक्षणे एकमेकांत मिसळली आहेत, आणि मूळ कथा कायमची भ्रष्ट झाली आहे. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचित असेल: दुरुस्तीच्या मिषाने लेखनिकाने घातलेली भर मूळ त्रुटीपेक्षा अधिक त्रास देते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गाडी चालू झाली ना? मग कारण कळले काय आणि न कळले काय? पोटासाठी टॅक्सी चालवणाऱ्याने हा आक्षेप घेतला तर आम्ही त्याच्यापुढे मान तुकवू. त्याचा दिवस बुडतो. त्याला तर्कशास्त्राची चैन परवडत नाही, आणि त्याच्या मेकॅनिकने तीन भाग एकदम बदलून त्याला संध्याकाळी रस्त्यावर आणले तर तो मेकॅनिक शहाणाच. पण जुनी स्पोर्ट्स कार कोणी पोटासाठी बाळगत नाही. ती तिच्यासाठीच बाळगली जाते. जेथे घाई नाही, उपजीविकेचा प्रश्न नाही, तेथेही जाणून घेण्याचा कंटाळा केला जावा, हे आम्हांला खटकते. दुसरे असे की, जो बिघाड समजला नाही तो गेला असे कशावरून म्हणायचे? तो दबा धरून बसलेला असू शकतो. मोटरवेवर ट्रकला मागे टाकत असताना इंजिन दोन सेकंद गप्प झाले तर काय होते, याची कल्पना वाचकांनीच करावी. आणि तिसरे, काकतालीय दुरुस्तीतून जे ज्ञान साचते ते खोटे असते. ज्याच्या गाडीची क्वाइल बदलल्यावर योगायोगाने झटके थांबले तो दहा जणांना क्वाइल बदलायला सांगतो. निर्दोष क्वाइलींचा ढीग साचतो आणि खरोखर सदोष कंडेन्सर विकले जात राहतात, कारण त्यांच्यावर कोणी पुराव्यानिशी बोट ठेवलेलेच नसते.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची गणना दुरुस्त करणाऱ्याचा हुरूप खच्ची करणाऱ्या सापळ्यांत केलेली आहे. ती यथार्थच आहे. तरी आमच्या मते हा सापळा हुरूपापेक्षा समाधानाचा अधिक आहे. माणूस हरतो तो बिघाड छळतो तेव्हा नव्हे. बिघाड स्वतःहून थांबतो आणि त्याचे श्रेय आपल्या शेवटच्या कृतीला मिळते, तेव्हा. एमजीबीचा पेट्रोलपंप याचे गमतीदार उदाहरण. तो विजेवर चालतो, गाडीच्या मागच्या भागात बसवलेला असतो, आणि त्याच्यातही पॉइंट असतात. किल्ली फिरवली की तो टक्‌टक्‌ करतो, कार्बोरेटर भरले की थांबतो. त्याचे पॉइंट झिजले की तो मध्येच मौन धारण करतो. मग खाली वाकून त्याला हातोडीने हलकेच ठोकायचे, की तो पुन्हा सुरू. हा ठोका वास्तविक अतिशय उत्तम पुरावा आहे: ठोक्याने चालू झाला, म्हणजे दोष पंपाच्या पॉइंटांत आहे. पण बहुतेक मालक त्याला पुरावा मानत नाहीत, उपचार मानतात, आणि डिकीत हातोडी बाळगून वर्षे काढतात.

खरे काम याच्या उलट दिशेचे आहे. बिघाड घालवायचा नसतो, तो बोलावून आणायचा असतो. वीस मिनिटे चालल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असे समजू. निदान तीन कारणांनी हे हुबेहूब सारखेच घडू शकते. कंडेन्सर किंवा क्वाइल तापून आतून निकामी होते आणि थंड झाली की सावरते. किंवा टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते, पेट्रोल उपसले जाते तशी टाकीत पोकळी वाढत जाते आणि शेवटी पंपाला ते ओढवत नाही. किंवा बॉनेटखालच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. (ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, आणि नळीच्या आतून सुटलेले कण कार्बोरेटरच्या सुईत अडकतात, हा आणखी चौथा संभव.) या तिघांचा निवाडा गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होऊ शकतो. झाकण उघडून हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज येतो का ऐकावे. एक प्लग काढून, तारेला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि ठिणगी पडते का पाहावी. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे का पाहावे. (ठिणगी पाहायची असेल तेव्हा पेट्रोल उघडे ठेवू नये, हे सांगायला हवे.) टो करून गाडी गॅरेजमध्ये नेली की साक्ष थंड झालेली असते. संशय कंडेन्सरवर असेल तर घरच्या घरी केस वाळवण्याच्या यंत्राने तो गरम करता येतो; गरम केल्यावर इंजिन अडखळते आणि गार होऊ दिल्यावर सावरते असे दोनदा-तीनदा झाले, तर अधिक काय हवे? पावसात होणाऱ्या मिसिंगसाठी अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. कोठे वीज गळते ते निळ्या रेषांनी आपले आपण दिसते. रात्रीच्या अंधाराचा इतका सुंदर उपयोग आम्हांला दुसऱ्या कोणत्या विद्येत दिसलेला नाही.

लुकास कंपनीला इंग्रजी विनोदात ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, कारण तिच्या सामग्रीच्या गाड्यांचे दिवे म्हणे वाटेत जातात. हा विनोद आम्हांला अन्यायकारक वाटतो. पन्नास-साठ वर्षांत तीन-चार मालकांनी, हाताला येईल त्या रंगाच्या वायरी जोडून जे उद्योग केले त्यांचा दोष मूळ रचनाकाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मूळ रचनेत रंगांचे नेटके व्याकरण होते. फ्यूजशिवाय बॅटरीकडून येणारी तार तपकिरी, किल्लीनंतरची पांढरी, किल्लीनंतर फ्यूजमधून गेलेली हिरवी, जमिनीला जाणारी काळी. हे ज्याला येते तो नकाशा न उघडता क्वाइलकडे जाणारी पांढरी तार किल्लीपर्यंत मागे वाचत जाऊ शकतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, ब्रिटिश वीजच वाईट.

आता वर्गाकडे वळू. एखादी कविता विद्यार्थ्यापुढे ठेवली की तो एक सिद्धान्त बसवून पाहतो. अस्तित्ववाद बसला नाही, तर स्त्रीवाद; तो बसला नाही, तर उत्तर-वसाहतवाद. कोणता तरी एक बसतो, कविता ‘चालू’ होते, उत्तरपत्रिकेत गुण मिळतात. तो सिद्धान्त काढून घेतला असता तर कवितेतली नेमकी कोणती ओळ अडखळली असती, हा व्यतिरेकाचा प्रश्न आम्ही विचारत नाही, विद्यार्थीही विचारत नाहीत, आणि परीक्षकाला तो विचारायला वेळ नसतो. कवितेत जे अधूनमधून घडते, म्हणजे एखाद्याच ओळीत लय का मोडते, एकाच कडव्यात संबोधन का बदलते, ते तर या पद्धतीत दिसतच नाही, कारण उभ्या गाडीची तपासणी करून आम्ही मोकळे होतो. साम्य याहून पुढे ताणण्याची आमची इच्छा नाही. कविता हे यंत्र नव्हे, आणि तिच्यातला खंड हा दोषच असतो असेही नाही.

मात्र एक गोष्ट आमच्या विषयाच्या कक्षेत निश्चित येते, ती म्हणजे शब्द. जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात इंजिन गचके खाते, खोकते, शिंकते, दम तोडते, उचल घेत नाही, पिकअप सोडते. हे अलंकार नव्हेत. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या बिघाडाचा वाचक आहे. शिंकणे म्हणजे पेट्रोल कमी, दम तोडणे म्हणजे पुरवठा आटणे, गचका म्हणजे ठिणगी तुटणे. नव्या गाड्यांत संगणक असतो. इंजिनाच्या फिरण्यातला सूक्ष्म अडखळ मोजून तो स्वतःच सांगतो: पी-०३०१ म्हणजे पहिले सिलिंडर हुकले, पी-०३०० म्हणजे बेताल, कोणतेही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत ही सोय सक्तीची आहे. कोठे हुकले हे तो अचूक सांगतो, का हुकले हे सांगत नाही, आणि तरुण मेकॅनिक तो आकडा वाचून पुन्हा सुटे भागच बदलू लागतो. आकड्यापुढे वर्णनाची गरज उरली नाही, त्यामुळे ते शब्द वापरातून चालले आहेत. बोलीभाषांचे सर्वेक्षण करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी लग्नगीते आणि ओव्या गोळा केल्या. कोणी गॅरेजमध्ये वही घेऊन बसल्याचे आम्हांला माहीत नाही. अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटवर काम केलेली पिढी आता सत्तरीत आहे.

राहता राहिला तो मालक, ज्याचे झटके कंडेन्सर बदलल्यावर थांबले. त्याला आमचे सांगणे एवढेच की काढलेला कंडेन्सर फेकू नये. कागदाच्या पाकिटात घालून वर तारीख, गाडीचे मैल आणि झटका कोणत्या स्थितीत येत असे ते लिहून ठेवावे. पंधरा दिवस गाडी निर्वेध चालली की एका निवांत रविवारी, घराजवळच्याच रस्त्यावर, तोच जुना कंडेन्सर पुन्हा बसवावा, दुसऱ्या कशालाही हात न लावता. झटके परत आले तर कारण सापडले. नाही आले, तर तो निर्दोष होता, आणि खरा दोषी अजून बॉनेटखाली आहे.